नाहूरची खारी हवा आणि वर्षाचे धान्य

भांडुप आणि मुलुंड यांच्या मध्ये वसलेल्या नाहूरला स्वतःचे रेल्वे स्थानक मिळाले ते २००३ साली. पश्चिमेस लालबहादूर शास्त्री मार्गालगत जेथे कारखान्यांच्या भिंती होत्या, तेथे आता उत्तुंग इमारती आहेत. पूर्वेस महामार्गापलीकडे मिठागरे आणि ठाण्याची खाडी. खाडीवरचा वारा सुखद खरा, पण वर्षाचा गहू भरणाऱ्या घराला तो मानवत नाही. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, धान्य ती मुकाट्याने शोषून घेते, आणि सोंडकिड्याला हवी असते ती नेमकी हीच ऊब व ओल.

चैत्र-वैशाखात धान्य भरण्याची आपल्या व्यापारी कुटुंबांची रीत येथील सदनिकांतही टिकून आहे. १९९९ मध्ये ऐरोलीचा पूल झाल्यापासून वाशीचा दाणाबाजारही जवळ आला. धान्य घरी येते, मग कीड लागू नये म्हणून कोणीतरी हळूच गोळ्यांची पुडी सुचवतो. बँकेत असताना तारण मालाच्या तपासणीसाठी मी गोदामांत जात असे. तेथे थप्प्यांवर ताडपत्री घट्ट बांधून आत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवीत आणि बाहेर प्रवेशबंदीचा फलक लावीत. हवेतील ओलाव्याने त्या गोळ्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू सुटतो. प्रशिक्षित माणसांचे हे काम मुले निजतात त्या बंद घरात करणे निव्वळ अविचार आहे. हिंसा होते ती वेगळीच.

घरातील ज्येष्ठ स्त्रियांची विद्या याहून शहाणी आहे. अख्ख्या मुगाला, तुरीला, चवळीला किलोमागे एक-दोन चमचे एरंडेल चोळतात. कडधान्याचा भुंगा दाण्याच्या पाठीवर अंडी चिकटवतो. तेलकट दाणा त्याला सोयीचा नसतो. सोंडकिडा मात्र सोंडेने दाणा कोरून अंडे आतच ठेवतो. म्हणून गव्हासाठी केवळ तेलावर विसंबू नये, त्याला कडक ऊन द्यावे. दाणा दाताखाली कट्कन फुटला म्हणजे वाळला. तो पूर्ण निवल्यावरच पिंपात भरावा, नाहीतर आतल्या आत वाफ धरते. थराथरांत कडुनिंबाचा पाला घालावा, तोही सावलीत खडखडीत वाळलेला; हिरव्या पाल्याची ओल धान्यालाच बाधते. कोणी पुरचुंडीत वेखंड ठेवतात, कोणी तांदळात बिब्बे. बिब्ब्याचे तेल अंगावर उतते, त्यामुळे मुलांच्या घरात मी तो सुचवणार नाही.

हे सारे पहिल्या पावसाआधी झाले पाहिजे. ‘जीवविचार’ प्रकरणात धान्यातल्या इल्लीची गणना तेइंद्रिय जीवांत केली आहे. कीड पडल्यावर तेल चोळले, तर ते अंड्यांना आणि किड्यांना गुदमरवणारेच ठरते. जीवोत्पत्ती होऊच नये, एवढ्यासाठी हे उपाय आहेत. उशिरा केले की त्यांतील यतना संपते.

अडचण आहे ती उन्हाची. अनेक संकुलांत गच्चीला बाराही महिने कुलूप असते. पाण्याच्या टाक्यांची काळजी समजण्यासारखी आहे. तरी मे महिन्यात दोन आठवडे, पाळीपाळीने आणि देखरेखीखाली गच्ची उघडण्याचा ठराव वार्षिक सभेत मांडायला हरकत नसावी. तोवर ज्यांना ऊन मिळत नाही त्यांनी वर्षाचा गहू भरू नये, महिन्याचा आणावा. आपल्या किराणा दुकानदार बंधूंची त्याला खचितच ना नसेल.