सिंगापूर : खिसा सांभाळून

परदेशवारी म्हटले की डोळ्यांपुढे आधी विमान येते आणि लगोलग बँकेचे पासबुक! त्यातून सिंगापूरचे नाव घेतले, तर ‘तिथे पाण्याची बाटलीसुद्धा परवडत नाही’ असे सांगणारा कुणीतरी भेटतोच. त्याचे म्हणणे निम्मे खरे आहे. तिथे हॉटेले महाग, मनोरंजन उद्यानांची तिकिटे महाग, मद्य तर फारच महाग. पण पाणी नळाचे बिनदिक्कत पिता येते, घरून एकेक बाटली नेली की झाले. आणि या शहरात पाहण्यासारखे जे आहे, त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींना तिकीटच नाही.

आमच्या घरात जमाखर्चाची वही माझ्याकडे असते. यात्रा कंपनीने चौघांचा जो आकडा सांगितला, त्यात आमच्या हिशेबाने जेमतेम दोघे जाऊ शकत होते. सासूबाई लगेच म्हणाल्या, ‘‘तुम्ही तिघे जाऊन या गं, मी घर राखते. मला पुढच्या वेळी न्या.’’ अडुसष्टाव्या वर्षी ‘पुढच्या वेळी’ या शब्दांना कितपत अर्थ असतो, हे त्यांनाही कळत होते आणि मलाही. तेव्हा आमचे हे, कॉलेजात जाणारी लेक, आई आणि मी, असे चौघांनीच आणि आपले आपणच जायचे ठरवले. मुक्काम पाच दिवसांचा.

तयारीत पैसा वाचतो तो मुख्यतः तारखांमध्ये. मेमधल्या शाळांच्या सुट्ट्या, चिनी नववर्ष आणि सप्टेंबरच्या सुमारास होणारी मोटारींची रात्रीची शर्यत, या दिवसांत विमानाचे व खोल्यांचे भाव चढलेले असतात. हवा वर्षभर सारखीच, दमट. पाऊस कधीही येतो आणि तासाभरात जातोही. म्हणून हंगामाची फार चिंता नको, छत्री मात्र हवी. व्हिसा तिथल्या सरकारने नेमलेल्या अधिकृत प्रतिनिधींमार्फत काढावा लागतो. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत एक आगमनपत्र संगणकावर भरायचे असते. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. एक सिंगापूर डॉलर साठ रुपयांच्या वरच पडतो, निघताना त्या दिवसाचा दर पाहून घ्यावा.

सामानाबद्दल एक सूचना गृहिणींसाठी. चिवडा, शंकरपाळी खुशाल न्या; पण खसखस चुकूनही नको. अमली पदार्थांबाबत तिथले कायदे अतिशय कडक आहेत आणि खसखशीकडे त्याच नजरेने पाहतात. आमच्या आईंनी हौसेने अनारसे करायला घेतले होते, ते शेजारी वाटून टाकले! खाण्याची तंबाखू, गुटखा आणि ई-सिगारेट यांनाही बंदी आहे.

राहण्याचा प्रश्न सर्वांत अवघड. अनोळखी घरात चार दिवसांसाठी खोली भाड्याने घेण्याची पद्धत बऱ्याच देशांत आहे, सिंगापुरात ती चालत नाही. खाजगी निवासी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देणेच तिथे बेकायदा आहे. तेव्हा हॉटेल किंवा वसतिगृह, दोनच पर्याय. एकटी तरुण मंडळी वसतिगृहातल्या खाटेवर स्वस्तात निभावतात. कुटुंबासाठी ‘लिटल इंडिया’ आणि लॅव्हेंडर हे भाग सोयीचे. हॉटेल ठरवताना एक गोष्ट बारकाईने वाचा. स्वस्त खोल्यांना पुष्कळदा खिडकीच नसते. रात्रीमागे काही डॉलर वाचत होते, पण आई म्हणाल्या, ‘‘इतक्या लांब येऊन सकाळ झालेली दिसू नये?’’ खिडकीचे पैसे आम्ही दिले. काटकसर कुठे थांबवावी, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना चांगले कळते.

विमानतळावरून शहरात मेट्रो येते. तिला तिथे एमआरटी म्हणतात, ती 1987 मध्ये सुरू झाली. एका फेरीला साधारण एक ते अडीच डॉलर पडतात. वेगळे तिकीट काढावे लागत नाही, कार्ड दारावर टेकवायचे आणि उतरताना पुन्हा टेकवायचे. स्थानकांवर उद्वाहने असल्यामुळे आईंच्या गुडघ्यांची फारशी कुरकुर झाली नाही. गाडीत खाणेपिणे केल्यास पाचशे डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून चिवड्याची पिशवी आमच्या ह्यांच्या हातातून आधीच काढून घेतली. ड्यूरियन नावाचे फणसासारखे काटेरी फळ तर नुसते जवळ बाळगायलाही मनाई. त्याचा वास घेतला की मनाई पटते. रात्री उशीर झाला आणि चौघे जण असलो तर टॅक्सी फार महाग पडत नाही. एकट्यादुकट्याने ती चैनच.

जेवणखाण

सिंगापूरचा खरा संसार दिसतो तो ‘हॉकर सेंटर’मध्ये. पूर्वी रस्त्यावर गाड्या लावणाऱ्या खाद्यविक्रेत्यांना सरकारने छपराखाली आणले, पाणी व सांडपाण्याची सोय दिली आणि त्यांतून ही मोठमोठी भोजनगृहे उभी राहिली. 2020 मध्ये युनेस्कोने या संस्कृतीला वारशाच्या यादीत स्थान दिले. साहेब आणि सफाई कामगार एकाच टेबलाशी बसून जेवतात. पाच ते सात डॉलरांत एका माणसाचे पोट भरते. टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट पडलेले दिसले तर ते कुणी विसरलेले नसते, जागा धरलेली असते! आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल, तोच हा प्रकार. जेवण झाल्यावर ताट-ट्रे आपणच नेऊन ठेवायचा, न ठेवल्यास दंड. काही ठिकाणी शौचालयाला दहा-वीस सेंट पडतात, म्हणून सुटी नाणी जवळ असू द्यावीत.

शाकाहारी माणसांची उपासमार होईल ही भीती निराधार आहे. सेरंगून रोडवर 1947 पासून चालू असलेले कोमला विलास आहे, जवळच टेक्का सेंटरमध्ये डोसे, इडल्या मिळतात. पण रोज डोसाच खायचा तर चेन्नईलाच का जाऊ नये? चिनी बौद्धांच्या शाकाहारी गाड्यांवर अवश्य जा. बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. मात्र सोया आणि गव्हापासून केलेले पदार्थ ते हुबेहूब मांसासारखे दिसतील असे रचून ठेवतात. आईंनी ताटाकडे पाहिले आणि ते दोन हात दूर सरकवले. दुकानदारीण बाई हातवारे करून समजावीत होती, लेक इंग्रजीत बोलत होती, शेवटी लेकीने स्वतः खाऊन दाखवले. दुसऱ्या दिवशी ‘‘कालच्या त्या बाईकडेच जाऊ’’ असे आईच म्हणाल्या.

बिनतिकिटाचे शहर

वनस्पती उद्यान पहाटे पाचला उघडते, प्रवेश मोफत. 1859 मध्ये स्थापन झालेल्या या बागेला 2015 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. इथेच हेन्री रिडले यांनी झाडाला इजा न करता रबराचा चीक काढण्याची रीत बसवली आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांचे भाग्य उजळले. आतल्या ऑर्किड उद्यानाला तिकीट आहे, ज्येष्ठांना व विद्यार्थ्यांना त्यात भरपूर सवलत मिळते. आम्ही ते काढले आणि पैसे वसूल झाले.

संध्याकाळ ‘गार्डन्स बाय द बे’साठी राखून ठेवा. काचगृहांना तिकीट आहे. पण बाहेरची बाग आणि पन्नास मीटरपर्यंत उंच असे ते पोलादी वृक्ष पाहायला काही पडत नाही. पावणेआठला आणि पावणेनऊला त्या झाडांवर दिव्यांचा व संगीताचा खेळ होतो. लोक हिरवळीवर, फरसबंदीवर चक्क आडवे होऊन वर पाहतात. आई आधी संकोचल्या, मग त्यांनीही पिशवी उशाला घेतली.

चायना टाऊनमध्ये 1827 सालचे श्री मारिअम्मन मंदिर, त्याच रस्त्यावर मशीद आणि थोडे पुढे बुद्धाच्या दंतधातूचे भव्य मंदिर आहे. सेंटोसा बेटावर फलाटावरची पायवाट धरून चालत गेलात तर जाण्याचेही पैसे वाचतात. तिथल्या मनोरंजन उद्यानाचे तिकीट मात्र माणशी ऐंशी डॉलरांच्या घरात आहे. लहान मुले असतील तर गोष्ट वेगळी, आम्ही ते सोडले आणि समुद्रात पाय बुडवून आलो.

आणि एक जागा, जी सहलीच्या बसमधून बहुधा निसटते. सिटी हॉल स्थानकाजवळ पदांग नावाचे मोठे मैदान आहे. जुलै 1943 मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी याच मैदानावर आझाद हिंद सेनेची मानवंदना घेतली होती. समोरच्या एस्प्लनेड उद्यानात सेनेतल्या हुतात्म्यांच्या स्मारकाची कोनशिला नेताजींनी 8 जुलै 1945 रोजी बसवली. परत आलेल्या ब्रिटिशांनी ते स्मारक पाडून टाकले. त्या जागी 1995 मध्ये एक साधा स्मृतिफलक उभारण्यात आला. आजूबाजूला सगळे जण पाण्यापलीकडच्या उंच इमारतींचे फोटो काढत होते, फलकापाशी आम्हीच. झाशीची राणी रेजिमेंटही याच शहरात उभी राहिली, मलायाच्या मळ्यांत राबणाऱ्या तमिळ मुली तिच्यात भरती झाल्या, हे लेकीने वाचलेले सांगितले. त्यांतल्या अनेकींनी हिंदुस्थान पाहिलेलाही नव्हता. आई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘आमच्या पुस्तकात हे एका ओळीत होतं गं.’’

तिथून पूल ओलांडून दहा-पंधरा मिनिटांत मर्लायनपाशी, म्हणजे सिंहाचे तोंड व माशाचे शरीर असलेल्या त्या प्रसिद्ध पुतळ्यापाशी पोहोचता येते. गर्दी फार, फोटो काढला की निघावे.

खरेदीबद्दल थोडेच सांगते. मुस्तफा सेंटरमध्ये सुईपासून सोन्यापर्यंत सगळे आहे, आणि त्यातले निम्मे आपल्या बाजारातही मिळते. विजेच्या वस्तू घेण्याआधी घरचा भाव माहीत असावा. शंभर डॉलरांहून जास्त खरेदी असेल तर पावत्या जपून ठेवा. विमानतळावर पर्यटकांना कर परत मिळतो.

परतीच्या दिवशी विमानतळावर तीनचार तास आधीच जा. पहिल्या टर्मिनलला लागून 2019 मध्ये उघडलेली ‘ज्युएल’ नावाची काचेची इमारत आहे. तिच्या घुमटातून चाळीस मीटरचा धबधबा कोसळतो, आणि तोही फुकट पाहायला मिळतो. सुरक्षा तपासणीच्या अलीकडेच तो आहे, आत गेल्यावर मागे येता येत नाही, एवढे लक्षात असू द्या. आम्ही कठड्याशी बसलो होतो. आईंनी डबा उघडून उरलेली शंकरपाळी चौघांत वाटली आणि ह्यांना विचारले, ‘‘किती उरले रे?’’ वहीत बेचाळीस डॉलर शिल्लक होते.