बदललेले अक्षर

फ्रान्सिस बर्नीच्या (१७५२-१८४०) कादंबऱ्यांचा विचार तिच्या हस्ताक्षरापासून सुरू करावा लागतो. तिचे वडील चार्ल्स बर्नी संगीताचा इतिहास लिहीत होते आणि त्यांच्या लेखनाच्या प्रती ती करून देत असे. आपले वळण छापखान्यात ओळखले जाईल, या धास्तीने ‘इव्हलिना’ची प्रत तिने मुद्दाम बदललेल्या अक्षरात काढली. १७७८ साली कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली; मोबदला वीस गिनी. वडिलांच्या ग्रंथासाठी झिजलेले अक्षर तिला स्वतःच्या ग्रंथासाठी वापरता आले नाही. या कादंबरीची नायिकाही पित्याने न स्वीकारलेली मुलगी आहे. आशय आणि लेखनपरिस्थिती यांचे हे सादृश्य निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

तरीही बर्नीला केवळ बळी ठरविणारी मांडणी अपुरी पडते. पंधराव्या वर्षी तिने आपले सारे लेखन जाळले, त्यात कॅरोलिन इव्हलिन या नायिकेची कहाणी होती. इव्हलिना ही त्याच कॅरोलिनची मुलगी. जळालेली संहिता पुढच्या संहितेची आई होऊन परतते. १७७९ मध्ये ‘द विटलिंग्ज’ हे प्रहसन वडील आणि त्यांचे स्नेही सॅम्युएल क्रिस्प यांनी दडपायला लावले. तिने ते मान्य केले; पण त्यातील उपरोध ‘सिसिलिया’त (१७८२) शिरला. आज्ञापालन आणि अवज्ञा यांच्यातील सीमारेषा तिच्या लेखनात अशी सतत पुसट होत राहते.

३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये, भूल देण्याची सोय नसलेल्या काळात, शल्यविशारद लारे यांनी तिचा एक स्तन कापून काढला. कित्येक महिने तिला त्याविषयी बोलणेही अशक्य होते. अखेर बहीण एस्थर हिला लिहिलेल्या पत्रात तिने तो प्रसंग क्रमवार मांडला. चेहऱ्यावरच्या पातळ रुमालातून दिसलेली पोलादाची चमकही त्यातून सुटलेली नाही. इथे आड घ्यायला पात्र नाही, कथानक नाही. ज्या देहाविषयी तिच्या नायिका मूर्च्छा आणि मौन यांच्याच भाषेत बोलतात, तो देह इथे स्वतः बोलतो.

१८३२ मध्ये, ऐंशीच्या घरात, तिने वडिलांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यासाठी हाती आलेले त्यांचे पुष्कळ कागद तिने नष्ट केले. चरित्रातली बरीच जागा तिच्या स्वतःच्या आठवणींनी व्यापली. याला कृतघ्नता म्हणावे, की जुन्या हिशेबाची फेड? कदाचित पितृभक्तीही म्हणता येईल, कारण वडिलांची प्रतिष्ठा जपणे हाच तिचा घोषित हेतू होता. काय राखावे आणि काय जाळावे, हा अधिकार एकेकाळी तिने भीतीपोटी स्वतःच्या लेखनावर चालविला होता. अखेरीस तोच तिने पित्याच्या शब्दांवर चालविला. स्त्रीच्या कर्तृत्वाचा इतिहास लिहिताना हा दुसरा अग्नीही हिशेबात धरावा लागेल.