अनारशाचे पीठ

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत काय शिजते याविषयी पुण्याकडच्या आप्तमंडळींना मोठे कुतूहल असते, आणि त्या कुतूहलात थोडी कीवही मिसळलेली असते. पोह्यांवर शेव आणि जिरावण, साबुदाण्याच्या खिचडीवर फराळी मिक्स्चर, थंडीत तळलेला गराडू, रविवारी दाल-बाफले असा आमचा आहार पाहिला की 'तुम्ही आता पुरते माळवी झालात' असा निकाल ते देऊन टाकतात. या निकालाविरुद्ध आम्ही कधी अपील केले नाही. ज्या मुलखाचे पाणी पाच-सहा पिढ्या प्यालो, त्याची चव जिभेवर न उतरती तरच नवल.

आमची आई मात्र अपील करीत असे. तिचे म्हणणे असे, की रोजचे जेवण मुलखाचे, पण सणाचे ताट कुळाचे. त्या ताटातला तिचा हुकमी पुरावा म्हणजे अनारसा. लाडू-चिवडा कोणीही करील, चकल्या बाजारातही मिळतात. पण ज्या घरात अनारसे हसत नाहीत त्या घराला पुण्याच्या प्रमाणपत्राची गरज नाही, असे ती म्हणे. अनारसा तुपात पडताच विरघळून पसरला की तो 'हसला' असे आपल्याकडे म्हणतात. करणारीला मात्र त्या हसण्याने रडू येते.

हा पदार्थ मुळातच घाई न मानणारा आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी उपसून सावलीत पंचावर पसरायचे. पूर्ण वाळू द्यायचे नाहीत; हाताला दमटपणा लागला पाहिजे. मग उखळात कुटायचे आणि बारीक चाळणीने चाळायचे. दमट तांदूळ दळून द्यायला चक्कीवाला तयार होत नाही, त्यामुळे उखळ गेल्यावर मिक्सर आला, पण पिठाच्या गिरणीचा शिरकाव आमच्या घरी या कामात कधी झाला नाही. पिठात भारोभार किसलेला गूळ, वर चमचाभर तूप, आणि सगळे मळून घट्ट गोळा डब्यात दाबून ठेवायचा. चार-सहा दिवस त्याला कोणी हात लावायचा नाही. 'पीठ झोपलंय' असे आई सांगे, आणि लहानपणी आम्ही त्या डब्यापाशी खरोखरच हळू बोलत असू. पुढे केळीच्या पानावर खसखस पसरून तीवर थापायचे, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचे, उलटायचे नाही, झाऱ्याने वरून तूप उडवीत राहायचे. जाळी पडली, कडा तांबूस झाल्या, की चाळणीत उभे करून ठेवायचे.

या झोपलेल्या पिठाने आमच्याबरोबर पुष्कळ प्रवास केला. १९८४ साली आम्ही राज्य शासनाच्या महसूल खात्यात लागलो आणि २०२२ मध्ये निवृत्त झालो. मधल्या काळात बदलीच्या आदेशाने जिथे नेले तिथे गेलो. वडील शिक्षक, ते आणि आई रामबागेतल्या जुन्या घरीच राहत. दिवाळीला मात्र दोघे आमच्या बदलीच्या गावी येत. बाकीचा फराळ तिथेच होई. अनारशाचे पीठ आई इंदूरहून घेऊन येई. बसमध्ये सामान टपावर जायचे, डबा मांडीवर असायचा. परक्या गावचे तांदूळ, परक्या गावचा गूळ यांवर तिचा विश्वास नव्हता.

१९८९ मध्ये आम्ही मंदसौरला होतो. त्या वर्षी दिवाळीला आलेली आई होळीपर्यंत राहिली. माघात एका दौऱ्याच्या वेळी आम्ही तिला जीपमधून बरोबर नेले. दोन्ही बाजूंना पांढऱ्या फुलांची शेते होती. एवढी फुले पाहून ती हरखली. कसली शेती म्हणून विचारले, तेव्हा आम्ही सांगितले की ही अफूची. तिने पदर नाकाशी धरला. मंदसौर-नीमच भागात परवान्याने अफू पिकते, पट्टा काही आरींचाच असतो आणि सगळा चीक सरकारला मोजून द्यावा लागतो, हे तिला समजावता समजावता आमचे प्रशासकीय ज्ञान पणाला लागले. देवीची पूजा केल्याखेरीज बोंडाला पहिली चीर देत नाहीत, ती दुपारी देतात, रात्रभर चीक पाझरतो आणि सकाळी तो खरवडून घेतात, हे शेतकऱ्याने सांगितले. पोपट बोंडे पळवतात म्हणून राखण बसवावी लागते, हेही सांगितले. मग त्याने मागच्या हंगामातले एक वाळलेले बोंड तिच्या तळहातावर फोडले आणि त्यातून पांढरी खसखस सांडली.

आई कितीतरी वेळ हाताकडे पाहत राहिली. "म्हणजे इतकी वर्षं आपल्या अनारशावर बसते ती ही?" एवढेच ती म्हणाली. जन्मभर तिने खसखस वाण्याच्या पुडीतच पाहिली होती. कुळाच्या ताटात माळव्याची माती अशी उघड बसलेली तिने तोवर पाहिली नव्हती.

शेतकऱ्याने शेरभर खसखस पिशवीत घालून पुढे केली. सरकारी नोकराने शेतकऱ्याकडून खसखशीचा दाणाही फुकट घेऊ नये, हा आमच्या वडिलांचा दंडक होता, आणि तो आईला आमच्यापेक्षा अधिक पाठ होता. तिने बाजारभाव विचारला, पदराच्या गाठीतून पैसे मोजून दिले आणि मगच पिशवी घेतली. पुढे बदली झाली तरी खसखस मंदसौरचीच, हा नियम तिने स्वतःच घालून घेतला.

राजनांदगावची बदली १९९४ ची. तो भाग तेव्हा मध्यप्रदेशातच होता. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले. इंदूरहून तिथे पोचायचे म्हणजे भोपाळ-नागपूर असा लांबचा प्रवास. तरी डबा आलाच. दिवाळीच्या आदल्या दिवशी आमच्या कार्यालयातल्या भृत्याची पत्नी पानाने झाकलेली पितळी थाळी घेऊन आली. थाळीत तांबूस, गोल, जाडसर वड्या होत्या. आईने एक मोडली, वास घेतला, आणि तिचा चेहरा बदलला.

"हमन एला अइरसा कहिथन, दाई," ती बाई म्हणाली.

तांदूळ भिजवलेले, ढेंकीत कुटलेले, गूळ तोच. फरक एवढाच की तिथे गुळाचा पाक करून त्यात पीठ घालतात आणि त्याला झोपवीत बसत नाहीत. खसखस नाही, जाळी नाही. आईने आमचा अनारसा तिला दिला, तिने तो उजेडाकडे धरून जाळीतून पाहिले आणि हसू लागली. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण दुपारभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून त्या बोलत होत्या. ती गेल्यावर आम्ही मुद्दाम विचारले, "काय आई, हा मराठी का छत्तीसगढी?" आई म्हणाली, "चुलत आहे." आणि पुढल्या दिवाळीला डबा रिकामा आला. तांदूळ तिने तिथलेच घेतले. गूळ मात्र इंदूरचा.

हे 'चुलत' घराणे किती मोठे आहे याची आम्हांला तेव्हा कल्पना नव्हती. वडील गेल्यानंतर १९९९ मध्ये आईला घेऊन गयेला गेलो. विष्णुपद मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८७ मध्ये बांधून घेतलेले. इंदूरच्या माणसाला तिथे परके वाटत नाही. पिंडदानाचा विधी झाला, आणि बाहेर पडल्यावर मिठाईच्या दुकानात तिळात घोळवलेल्या गोळ्यांची रास दिसली. पाटी होती : अनरसा. आत खवा भरलेला. आईने त्या दिवशी खाल्ला नाही, पण चार बांधून घ्यायला लावले. परतीच्या गाडीत दुसऱ्या दिवशी तिने एक तोंडात टाकला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ह्यांना आवडला असता." वडिलांना खवा फार आवडे.

आमच्या कन्येने नोकरीच्या निमित्ताने हैदराबाद गाठले आणि २०२२ मध्ये गुंटूरच्या एका तेलुगू घरात तिचे लग्न झाले. लग्नानंतरचा पहिला अधिक महिना २०२३ चा श्रावण. आई तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांची होती, पण नातजावयाला तीस-तीन अनारशांचे वाण द्यायचे म्हणून ती पुन्हा पाटावर बसली. थापायचे काम तिचे, तळायचे आमच्या सौ.चे. दीप लावून तेहेतीस अनारसे जावयांच्या हाती दिले, तेव्हा त्यांनी कन्येला हळूच विचारले की हे सगळे इथेच, आत्ताच संपवायचे असतात काय. तसे नसल्याचे कळताच त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि वाण गुंटूरला गेले.

तिसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. त्यांचे हिंदी मोजके आणि आईला फोनवर ऐकू कमी येत असे, त्यामुळे मध्ये कन्या दुभाषी. विहीणबाईंचे पहिले वाक्य होते, "ये तो हमारे अरिसेलु हैं!" त्यांच्याकडे ते संक्रांतीला करतात, ओल्या पिठात गुळाचा पाक, वर तीळ, आणि तळून काढल्यावर दोन सपाट झाऱ्यांमध्ये दाबून तेल निथळवतात. जाळीदार अनारसा त्यांना अशक्त वाटला. आईला त्यांचे दाबणे क्रूर वाटले. अर्धा तास हा वाद चालला. त्या दिवसापासून दर रविवारी फोन होऊ लागला.

त्याच वर्षी दसरा झाल्यावर आईने दिवाळीचे पीठ केले. नको म्हटले तरी ऐकले नाही. गोळा डब्यात दाबला, डबा फ्रीजमध्ये ठेवला, आणि आश्विन वद्य पक्षातच, दिवाळीला आठवडाभर असताना, ती झोपेत गेली.

त्या वर्षी आमच्या घरी दिवाळी नव्हती, कढई चढायची नव्हती. अशा घरी इतरांनी फराळ पाठवायचा ही आपली रीत. शेजारून, नात्यातून डबे आले. कोणाच्याही डब्यात अनारसा नव्हता. आजकाल करतो कोण? पुण्याच्या आप्तांनी दुकानातल्या उत्तम बाकरवड्या पाठवल्या. भाऊबीजेच्या सुमारास गुंटूरहून पार्सल आले. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले, तीळ लावलेले, चांगले दाबलेले अरिसेलु होते. मोजले तर तेहेतीस. वाणाचा आकडा विहीणबाईंच्या लक्षात राहिला होता. वाणाची परतफेड अशी करायची नसते, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि आम्ही ते कळवलेही नाही. आमच्या सौ.ने एक ताटलीत घेतला आणि स्वयंपाकघरातच उभ्याने खाल्ला. तोवर ती रडली नव्हती.

पिठाचा डबा वर्षभर तसाच राहिला. ते टाकून द्या असे दोघा-तिघांनी सुचवले. मोलकरणीने फ्रीज पुसताना तो दर वेळी बाहेर काढून परत जागेवर ठेवला. २०२४ च्या आश्विनात वर्षश्राद्ध झाले आणि दिवाळीच्या दोन दिवस आधी सौ.ने डबा उघडला. गोळा दगडासारखा झाला होता, वास मात्र गोड, किंचित आंबूस, जसा हवा तसा. तिने अर्धा गोळा फोडला, पिकले केळे घालून मऊ केला, मंदसौरची खसखस पसरली. पहिला अनारसा तुपात हसला. दुसराही हसला. तिसरा सोडताना तिने आमच्याकडे पाहिले नाही. आम्ही झारा धरून उभे होतो. तिसऱ्याच्या कडा धरल्या, मधे एकेक भोक उघडत गेले, आणि त्यानंतरचे सगळे नीट उतरले. एकूण बावीस झाले.

उरलेला अर्धा गोळा दुसऱ्या दिवशी करायचा बेत होता. कन्या दिवाळीला आली होती. तिने फोनवर ही हकिकत सासूबाईंना सांगितली. पलीकडून बराच वेळ तेलुगूत काही चालले होते. मग कन्या म्हणाली, "आई, त्या म्हणताहेत सगळं तळू नका." गूळ-तांदळाच्या अशा न तळलेल्या पिठाला त्यांच्याकडे चलिमिडि म्हणतात, आणि सासरी जाणाऱ्या लेकीला माहेरचे लोक तो गोळा बरोबर देतात, तिचे पोट, तिचे घर थंड राहावे म्हणून. लग्नात आपल्याकडून हे राहून गेले होते, तर आता द्या, असे विहीणबाईंचे म्हणणे. वर्षाचे जुने पीठ, तेही गेलेल्या माणसाच्या हातचे, देणे शास्त्रात बसते की नाही हे आम्ही कोणाला विचारायला गेलो नाही.

डबा कन्येच्या पिशवीतून हैदराबादला गेला. त्यातला चिमूटभर तिने तसाच खाल्ला आणि उरलेला तळायचे ठरले. त्यासाठी विहीणबाई गुंटूरहून मुद्दाम आल्या. तळण तुपात करायचे की तेलात, आणि तळल्यावर दाबायचे की नाही, यावरून सासू-सुनेत दोन दिवस चर्चा झाली म्हणतात. शेवटी अर्धे दाबले, अर्धे चाळणीत उभे केले.