खेळाचा धनी

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा भाचा आमच्या घरीं धाराशिवास आला होता. इयत्ता नववींतला मुलगा. सारी दुपार तो संगणकापुढें बसून असे. एके दिवशीं कुतूहलानें मींहि त्याच्या शेजारीं खुर्ची ओढली. खेळाचें नांव ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’, तो २०१० मध्यें अमेरिकेंत निघाला. त्यांतील कथा अशी : २०७७ मध्यें अणुयुद्ध होऊन जग उजाड झालें आहे. त्यानंतर २०४ वर्षांनीं लोक पडक्या घरांच्या आडोशानें कसेबसे राहतात, आणि त्या वाळवंटांत एकच नगर दिव्यांनीं झगमगतें. तें जुगारघरांचें नगर, आणि मिस्टर हाऊस हा त्याचा धनी. युद्ध अटळ आहे हें त्यानें बारा वर्षें आधींच गणितानें ताडलें होतें. आपल्या नगरावर येणाऱ्या ७७ अस्त्रांपैकीं ५९ त्यानें संकेत पाठवून निकामी केलीं, आणि स्वतः एका बंद पेटींत यंत्रांच्या आधारें दोन शतकें जिवंत राहिला.

“मामा, केवढा नशीबवान माणूस!” भाचा उद्‌गारला.

मी हंसलों, परंतु तो शब्द माझ्या मनांतून जाईना. त्या साऱ्या नगरांत नशिबावर विसंबून नसलेला माणूस एकच होता, आणि तो म्हणजे हा जुगारघराचा मालक! ही गोष्ट मी वयाच्या बाराव्या वर्षींच शिकलों होतों. आणि तीहि एका उजाड झालेल्या जगांतच.

दिनांक ३० सप्टेंबर १९९३. अनंतचतुर्दशीचे गणपति बोळवून गांव निजला होता. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं धरणी हादरली. लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व आमच्या जिल्ह्यांतील सास्तूर ह्या परिसरांत दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील जड धाबीं झोपलेल्या माणसांवर कोसळलीं. सुमारें दहा हजार जीव गेले. आमचें गांव सास्तूरपासून जवळच होतें. आमच्या घरचीं माणसें वांचलीं. घर मात्र राहिलें नाहीं. पुढील कित्येक महिने आम्हीं पत्र्याच्या निवाऱ्यांत काढले.

बाजाराच्या गांवीं दुकानें पुरतीं उभीं राहिलीं नव्हतीं, तोंच मटक्याचे आकडे घेणारा एक मनुष्य पत्र्याआड येऊन बसला. लोक भूकंपाच्या तारखेवरून व वेळेवरून आकडे काढूं लागले. ज्या घटकेनें सर्वस्व नेलें, तीच कांहीं परत देईल, अशी ती वेडी आशा! आमचे आप्पा पापभीरु शेतकरी. जन्मांत कधीं पत्त्यांना शिवले नव्हते. पण त्यांनींहि तीनाच्या आकड्यावर पैसे लावले. एकदां तो आकडा लागला. तीस रुपयांचे दोनशें सत्तर झाले. त्या दिवशीं आप्पांनीं घरीं गूळ आणला, मला नवी वही आणली. ती एक जीत आम्हांला फार महाग पडली.

हा मटका मूळचा मुंबईचा. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर तेथें लोक पैजा लावीत. १९६१ मध्यें ते भाव येणें थांबलें, तेव्हां आकडा काढण्याची निराळी युक्ति निघाली. १९६२ मध्यें कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत यांनीं आणि १९६४ मध्यें रतन खत्री यांनीं आपापला मटका सुरू केला. खत्री हे फाळणीच्या वेळीं कराचीहून आलेले सिंधी निर्वासित. उद्ध्वस्त झालेल्या जगांतून आलेला हा मुलगा पुढें ‘मटका किंग’ म्हणून देशभर ओळखला गेला. २०२० मध्यें ते वारले.

आतां ह्या खेळाचें गणित पाहा. शून्यापासून नवापर्यंत आकडे दहा. आणि लागलेल्या आकड्यास सामान्यतः रुपयाला नऊ रुपये मिळत. दहाहि आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर हातचे दहा जातात व नऊ परत येतात. जोडी लावावी, तर शक्यता शंभर आणि मोबदला नव्वदपट. म्हणजे कोणाचाहि आकडा लागो, दीर्घकाळांत शंभरांतले दहा धन्याच्या पेटींत पडतातच. त्याला लबाडी करण्याचेंहि कारण नाहीं. त्यानें फक्त खेळ चालू ठेवावा.

आमची आई निरक्षर होती. आप्पा घरांतून दहा रुपये घेऊन गेले, कीं ती पत्र्यावर कोळशानें एक रेघ ओढी. दहा परत आले, तर दुसऱ्या बाजूस एक. संक्रांतीच्या आदल्या रात्रीं तिनें कंदील वर धरला व मला म्हणाली, “बाळा, तूं शाळेंत जातोस. एवढी बेरीज करून सांग.” मीं रेघा मोजल्या. गेलेले ११४०, आलेले २७०. “आठशें सत्तर गेले,” मी म्हणालों. तेवढ्यांत पेरणीचें बियाणें आलें असतें. आई कांहींच बोलली नाहीं. आप्पा बराच वेळ त्या पत्र्याकडे पाहत बसले. त्या रात्रीपासून ते सुटले असें म्हणणें खोटें होईल. त्यानंतरहि दोनदां ते गेले. पण दोन्ही वेळां घरीं येऊन रेघ त्यांनीं स्वतःच ओढली. मग रेघा थांबल्या.

आमच्या ह्या कोरडवाहू मुलखांतली शेती हा पावसाचा जुगार आहे, असें लोक म्हणतात. मला तें पटत नाहीं. पाऊस हुलकावणी देतो खरा. पण आपल्या तोट्यावर श्रीमंत होणारा कोणी धनी ढगांआड बसलेला नसतो. शिवाय बांध घातला, विहीर खणली, वेळेवर रब्बीची ज्वारी पेरली, तर त्या खेळांत माणसाच्या श्रमाला कांहीं किंमत राहते. मटक्याच्या आकड्यापुढें श्रमाचें मोल शून्य. धर्मराजानें फांशांवर राज्य लावलें तें सज्जन असून. मग संकटानें गांजलेल्या गरिबाची काय कथा!

विद्यार्थिमित्रहो, आतां तो पत्र्याआडचा मनुष्य तुमच्या खिशांतल्या मोबाइलमध्यें येऊन बसूं पाहतो. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा आपल्या देशांत ऑगस्ट २०२५ मध्यें झाला. कायदा आपलें काम करो; परंतु घरची बेरीज घरच्यांनींच केली पाहिजे.

ही सारी हकीकत मीं भाच्याला सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला व मग म्हणाला, “मामा, तो पत्रा अजून आहे का हो?” आहे. गोठ्यावर घातला आहे. पावसानें त्यावरच्या रेघा केव्हांच धुऊन गेल्या. बेरीज मात्र मला अजून पाठ आहे.