साखर का उतरत नाही?

भद्रावती,
वैशाख

चि. मुक्तास,


औषधे चालू असूनही एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, उद्दिष्टाच्या वर राहिली की प्रकार दोनचा मधुमेह अनियंत्रित समजतात. बहुतेक प्रौढांचे उद्दिष्ट ७ टक्क्यांखाली असते. थकलेल्या वृद्धांना किंवा ज्यांची साखर वारंवार एकदम उतरते त्यांना ८ टक्क्यांपर्यंत मोकळीक द्यावी. ब्रिटनमधील यूकेपीडीएस अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७.९ ऐवजी ७.० टक्के राखलेल्या गटात डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका चतुर्थांशाने कमी आढळला. त्यामुळे ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणत तीच गोळी वर्षभर लिहीत राहणे हा रुग्णावर अन्याय आहे.

मात्र डोस वाढवण्यापूर्वी आकडा खरा आहे का, हे पाहावे लागते. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो, म्हणून इथे हा प्रश्न पहिला. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात ती काही आठवड्यांतच मोडते. तिला साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि एचबीएवनसी खोटा कमी येतो. सिकलसेलच्या वाहकामध्येही तपासणीच्या काही पद्धती चुकतात. उलट लोहाच्या कमतरतेने तोच आकडा खोटा वाढतो. नुकतेच रक्त चढवले असेल तरीही त्यावर विसंबता येत नाही. सिकलसेलचे कार्ड किंवा हिमोग्लोबिनचा अहवाल मधुमेहाच्या कागदांसोबतच पाहावा. शंका असल्यास उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर हाच आधार.

आकडा खरा निघाला, तर गोळी पोटात जाते का हे विचारायचे, आणि तेही न रागावता. गोळ्या संपल्या, मजुरी बुडवून दवाखान्यात येणे जमले नाही, बरे वाटले म्हणून थांबवल्या, ही नेहमीची कारणे. आशाताईने घरी जाऊन रिकामी पाकिटे पाहिली तर खरी स्थिती लवकर कळते. गुडघेदुखीवर कुठून तरी आणलेल्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकते. त्यानेही साखर चढते. वजन उतरत असेल आणि खोकला असेल तर थुंकी तपासावी. मधुमेहात क्षयाचा धोका दोन-तीन पट असतो, आणि क्षयावरील रिफाम्पिसिनमुळे ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळीचा परिणाम घटतो.

इथल्या कोळसा खाणींत आणि आयुध निर्माणीत पाळीने काम चालते. रातपाळीच्या माणसाने सवयीने सकाळी ग्लिमेपिराइड घेतली आणि न जेवताच झोपला, तर साखर धोकादायक उतरते. ही गोळी घड्याळाशी नव्हे, पहिल्या मोठ्या जेवणाशी बांधावी. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. भात सोडा असे सांगून उपयोग होत नाही. भात निम्मा करून वरण, उसळ आणि भाजी वाढवणे घराला पेलते.

औषधांचा पाया मेटफॉर्मिन. पोटाला सोसेल तसा डोस वाढवत दिवसाला २००० मिलिग्रॅमपर्यंत नेता येतो. ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, ४५ च्या खाली आल्यास तो कमी करावा, ३० च्या खाली बंद. मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदय निकामी होण्याचा त्रास असल्यास डापाग्लिफ्लोझिनला प्राधान्य. २०२० नंतर या गोळीचे स्वस्त पर्याय बाजारात आले. जुलाब-उलट्यांत किंवा उन्हाने शरीरातले पाणी कमी झाल्यास मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन या दोन्ही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्यात. तीन महिन्यांत उद्दिष्ट गाठले नाही, तर पुढची पायरी चढायचीच.

गोळ्या पुरत नाहीत तेव्हा रात्री १० युनिट इन्सुलिनने सुरुवात होते. सकाळची उपाशी साखर ८० ते १३० मध्ये येईपर्यंत दर तीन दिवसांनी २ युनिट वाढवतात. साखर उतरू लागली तर डोस मागे घेतात. ४० युनिटच्या बाटलीला ४० युनिटचीच, लाल टोपणाची सिरिंज हवी, नाहीतर डोस चुकतो. सुईची जागा रोज बदलावी. एकाच जागी गाठ झाली की तिथून औषध नीट शोषले जात नाही. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा घरात फ्रीज नसेल तर बाटली घट्ट बंद डब्यात घालून पाण्याच्या मडक्यात ठेवावी. इन्सुलिन म्हणजे शिक्षा नव्हे, हे रुग्णाला सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे.

प्रत्येक भेटीत चप्पल काढायला लावून दोन्ही पाय पाहावेत. शेतात अनवाणी राबणाऱ्याला बधिर पायाची जखम कळत नाही. रक्तदाब दर वेळी, लघवीतील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा. गर्भवती, काळा पडलेला पाय, उलट्यांसोबत खोल श्वास, ईजीएफआर ३० च्या खाली: असा रुग्ण थांबवून न ठेवता ग्रामीण रुग्णालयात किंवा चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावा, चालू औषधांची यादी सोबत देऊन. बाकीच्यांचे नियंत्रण गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच होऊ शकते. साखर स्थिरावेपर्यंत महिन्याला एक भेट, नंतर तीन महिन्यांनी. आणि जो आला नाही त्याच्या घरी त्याच आठवड्यात निरोप.

तुझा,
मामा