भाव चढण्याआधीचा कांदा
(कांद्याला अनावृत पत्र)

प्रिय कांद्या,



वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तू दोनच वेळा येतोस. किलोला शंभरी गाठलीस तर, नाहीतर शेतकऱ्याने तुला रस्त्यावर ओतलं तर. तुझ्या भावाने दिल्लीतली सरकारं हलल्याचे दाखले आजही दिले जातात, म्हणून तुझा दर वर सरकला की रातोरात आदेश निघतात. पण दर हलण्याआधी चार-पाच महिने तुझ्यावर जे गुदरलेलं असतं, त्याची विचारपूस कुणी करत नाही. ती व्हावी म्हणून हे पत्र. तुला रोज चिरणाऱ्यांनी आणि तुझ्याविषयी आदेश काढणाऱ्यांनीही ते वाचावं, म्हणून उघडं ठेवलं आहे.

तुझं सगळं गणित हवेवर बसवलेलं. पावसाळ्यात लावलेला पोळ, म्हणजे लाल कांदा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाजारात येतो, त्याच्या मागून रांगडा, आणि मार्च-एप्रिलमध्ये निघतो तो उन्हाळ कांदा. देशात पिकणाऱ्या कांद्यात साधारण दोन तृतीयांश वाटा या उन्हाळ कांद्याचा. टिकण्याची ताकद त्याच्यातच आहे, त्यामुळे एप्रिलपासून नवा लाल कांदा येईपर्यंत देशाची स्वयंपाकघरं त्याच्यावर चालतात. त्यातला मोठा हिस्सा आमच्या नाशिक, अहिल्यानगर, पुणे, धुळे या पट्ट्यातून जातो.

या टिकण्याच्या अटी मात्र कडक आहेत. रोप थंडीत लागलं पाहिजे. गाठ धरताना दिवस मोठा होत जावा, ऊन हळूहळू चढावं. मग पात आपणहून मान टाकते. निम्म्याहून जास्त वाफा असा आडवा झाला की काढणी. उपटलेला कांदा ओळीने असा मांडतात की एकाची पात दुसऱ्याच्या अंगावर यावी आणि उन्हाचा चटका बसू नये. तीन-चार दिवसांनी दोन बोटं मान ठेवून पात कापायची, सावलीत सुकवायचा आणि मगच साठवणीच्या चाळीत भरायचा. मान चिमटीत धरली की कागदासारखी कोरडी लागली पाहिजे. ओली राहिली तर तिथूनच बुरशी आत शिरते. थंडी नको तेव्हा जास्त पडली तर डेंगळे निघतात, ऊन लवकर तापलं तर पोसण्याआधीच मान पडते आणि हाती गोल्टी येते. ढगाळ, दमट हवेत करपा. कोरड्या उकाड्यात फुलकिडे. शेतकऱ्याला हे सगळं पाठ आहे, कारण पिढ्यानपिढ्या हवा थोडीफार वेळापत्रकाने वागत आली. आता ते वेळापत्रकच फाटलं आहे.

तुझं २०२३ हे एकच साल बघ. कमाल तापमानाच्या हिशेबात त्या वर्षीचा फेब्रुवारी देशातला १९०१पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. उन्हाने रांगडा भराभर तयार झाला. त्याच्या अंगात पाणी जास्त, तो ठेवता येत नाही, म्हणून सगळ्यांनी एकदमच बाजारात आणला. भाव कोसळले. सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून, हमाली-तोलाई-भाडं वजा जाता एका शेतकऱ्याच्या हातात दोन रुपयांचा धनादेश पडला, तो याच महिन्यात. एप्रिलमध्ये उन्हाळ कांद्याची काढणी चालू असताना अवकाळी पाऊस आणि गारा. मग ऑगस्ट कोरडा गेला. देशभरात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस, १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. खरिपाच्या लागणी रखडल्या. त्याच ऑगस्टात केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवलं आणि लासलगावसह नाशिकच्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. २६ नोव्हेंबरला निफाड परिसरात गारपीट झाली. द्राक्षबागांबरोबर उभा लाल कांदाही झोडपला गेला. आणि बारा दिवसांनी, ८ डिसेंबरपासून, निर्यातबंदी. ती उठायला पुढच्या वर्षीचा ४ मे उजाडला.

म्हणजे उष्णता, अवकाळी, खंड आणि गारा, एका वर्षात चारही आले. मातीमोल भाव मिळाला तेव्हा तोटा शेतकऱ्याचा, आणि माल कमी पडून चार पैसे मिळायची वेळ आली तेव्हा दार बंद. हवेने एकदा मारलं, धोरणाने दुसऱ्यांदा. अस्मानी-सुलतानी ही जोडी आमच्या तोंडात फार जुनी आहे, पण एकाच हंगामात दोन्ही इतक्या जवळून चालताना दिसणं हे अलीकडचं.

‘निसर्ग लहरी असतोच’ असं म्हणून यातून सुटता येणार नाही. हवा जितकी तापते तितकी जास्त वाफ धरून ठेवते, एका अंशाला सुमारे सात टक्के. अरबी समुद्र तापतो आहे आणि तिथून येणारं बाष्प एकदम ओतलं जातं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस वाढला नाही, उलट घटला; तो कोसळण्याची रीत बदलली. २०१९च्या ऑक्टोबरअखेर याच समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळं पाठोपाठ उठली. पोळ पाण्यात गेला, डिसेंबरात तू शंभरी ओलांडलीस आणि तुर्कस्तान-इजिप्तमधून कांदा आणावा लागला. २०२५मध्ये मुंबईत मोसमी पाऊस २६ मे रोजीच पोहोचला. नेहमीची तारीख ११ जून. त्याआधीही मे महिनाभर पाऊस पडत राहिला आणि शेतात ताडपत्रीखाली झाकलेले कांद्याचे ढीग तसेच भिजले.

अशा भिजलेल्या कांद्याचं पुढे काय होतं, ते शहरात दिसत नाही. जुलैत चाळ फोडतात तेव्हा दिसतं. बाया गोण्या अंथरून बसतात आणि वेगळं करत जातात: चांगला एकीकडे, कोंब आलेला एकीकडे, काजळी धरलेला तिसरीकडे. वरून लालबुंद दिसणारा कांदा हातात घ्यावा तर अंगठा आत जातो. सडलेल्याचं पाणी खालच्या थरावर उतरतं आणि तिथले चांगलेही नासतात. तो वास हातांना दोन-दोन दिवस सोडत नाही. चांगल्या वर्षीही साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत घट, सड आणि कोंब मिळून तीस-चाळीस टक्के माल जातो असं धरून चालतात. मान ओली असताना भरलेल्या चाळीत तर सप्टेंबरपर्यंत निम्माही उरेल याची खात्री नसते. म्हणून शेतकरी मे महिन्यातच, मिळेल त्या भावाला, विकून मोकळा होतो. पुढे ऑक्टोबरात देशाला तुझा तुटवडा जाणवतो, तेव्हा त्याच्या चाळीत काही नसतं. चढलेला भाव त्याच्या कामी येत नाही.

अवकाळी सर अर्ध्या तासाची, तिचा परिणाम मात्र महिन्यांनी दिसतो. पंचनामा झालाच तर एप्रिलमध्ये होतो आणि तुझा नाश जुलैत होतो. पीकविमा शेतातल्या उत्पादनाचा हिशेब मांडतो, चाळीत नासलेला कांदा त्या हिशेबात बसत नाही. कागदोपत्री पीक आलेलं असतं, म्हणून नुकसानही झालेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की तुझी टंचाई वाफ्यात आणि चाळीत सुरू होते, तेव्हा तिच्यावरचा इलाजही तिथेच झाला पाहिजे. बंदरावर फाटक लावून चाळीतली सड थांबत नाही. उलट ढाका-कोलंबोतले ग्राहक दुसरीकडे वळतात, शेतकरी पुढच्या हंगामाला हात आखडता घेतो आणि त्याच्या पुढच्या वर्षी तू आणखी महाग होतोस.

इलाज अवघड असले तरी अनोळखी नाहीत. राजगुरूनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने खरिपासाठी ‘भीमा सुपर’सारखी वाणं दिली आहेत. गादीवाफ्यावर ठिबकने लावलेल्या कांद्याच्या मुळाशी पाणी साचत नाही, हे शेतकऱ्यांनी करून बघितलं आहे. लासलगावला २००२पासून विकिरण केंद्र आहे. विकिरणाने कोंब थांबतो, सड थांबत नाही, म्हणून त्याच्या जोडीला थंड, कोरडी साठवण लागते. ती साठवण शेकडो किलोमीटरवरच्या गोदामात कशाला? गावात, शेतकरी गटांच्या ताब्यात, वारा आणि ओलावा राखता येणाऱ्या चाळींच्या रूपात हवी. काढणीच्या पंधरा दिवसांत महसूल मंडळाच्या पातळीवरचा पावसाचा अंदाज फोनवर यायला हवा, तोही ‘तुरळक ठिकाणी’ असा मोघम नको. विम्याने चाळीतल्या पहिल्या दोन-तीन महिन्यांची जोखीम घ्यावी. सरकारने राखीव साठा करावा, पण खरेदी काढणीच्या वेळी, थेट बांधावरून आणि उत्पादनखर्चाच्या वर व्हावी. आणि लागण करतानाच शेतकऱ्याला कळावं की या हंगामात निर्यातीचे नियम हे असे आहेत आणि मधेच बदलणार नाहीत. हवेचा भरवसा कुणी देऊ शकत नाही. नियमांचा भरवसा सरकार देऊ शकतं.

खाणाऱ्यांनाही सांगायचं आहे. भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा हे गरिबाचं कोरड्यास आहे, तो महागला की मार गरिबालाच बसतो, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच विनंती आहे की तुझी आठवण ऑक्टोबरात काढू नये. फेब्रुवारीत ऊन तापलं, एप्रिलात गारा पडल्या, तेव्हाच आपापल्या आमदार-खासदारांना विचारावं: चाळींचं काय केलंत? विम्याचं काय केलंत? ऑक्टोबरात विचारलेल्या प्रश्नाला निर्यातबंदी हेच उत्तर मिळतं. एप्रिलमध्ये विचारलं, तर दुसरं काही करायला हातात सहा महिने असतात.

तुझ्याच पट्ट्यातला,
तुझ्यावर वाढलेला एक जण