फळ्यावरचं दिसतंय का?

आमच्या टीममधे अकरा जण आहेत, त्यातल्या नऊ जणांना चष्मा. उरलेल्या दोघांपैकी एकाने लेसर करून घेतलंय, म्हणजे तोही आमच्यातलाच. आता आपला नंबर लहानपणी कसा सापडला ते आठवा. पोरगं टीव्हीला नाक लावून बसतंय हे आईच्या लक्षात आलं, रविवारी बाबांनी डॉक्टरकडे नेलं, आठवड्यात चष्मा आला. 'चष्मिस' म्हणून चिडवलं गेलं तेवढीच काय ती रडारड.

हेच पोरगं घाटकोपरजवळ असल्फ्याच्या डोंगरावर, दहा बाय दहाच्या खोलीत वाढत असेल तर? तिथे टीव्ही तसाही दोन हातांवर असतो. घरात 'लांबचं' असं काही नसतंच, मग दिसत नाही हे कळणार कसं? लांब असतो तो फक्त शाळेतला फळा. मग ते शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतं, बाई ओरडतात, आणि वर्षभरात 'ढ' असा शिक्का बसतो. म्हणजे प्रॉब्लेम हार्डवेअरचा आणि शिव्या सॉफ्टवेअरला!

सरकारने काहीच केलं नाही असं अजिबात नाही. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून आहे. शिक्षकांनी प्राथमिक तपासणी करायची, गरजूंना मोफत चष्मा, हे सगळं त्यात बसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर फेब्रुवारी २०१३ मधे आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यात सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी व्हायला हवी.

घोडं अडतं ते पुढे. गेल्या वर्षी एका शनिवारी ऑफिसच्या ग्रुपबरोबर अंधेरीतल्या एका शाळेत तक्ता धरायला गेलो होतो. तक्ता सहा मीटरवर हवा, आणि वर्गात सहा मीटर सापडेनात! शेवटी व्हरांड्यात दोरीने मोजून खडूची रेघ मारली. सहावीतल्या एका मुलीने सगळ्या ओळी धडाधड म्हणून दाखवल्या. पुढच्या मुलांची उत्तरं ऐकून पाठ केली होती पठ्ठीने. तक्ता उलटा धरल्यावर तिसऱ्या ओळीपुढे गाडी जाईना. (हिला ढ म्हणणाऱ्याला माझा नमस्कार.)

तिच्या हातात चिठ्ठी मिळाली, मोठ्या हॉस्पिटलात दाखवा म्हणून. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. ओपीडी सकाळची, म्हणजे चारही घरी खाडा. केसपेपरची रांग, मग डोळ्यात थेंब घालून बसायचं, नंबरासाठी पुन्हा बोलावलं तर दुसरा खाडा. चष्मा मोफत आहे हो, पण तिथवर जाणं मोफत नाही.

बरं, चष्म्याने खरंच फरक पडतो का? चीनच्या गान्सू प्रांतात २००४ मधे हे करून बघितलं, ज्यांनी चष्मा लावला त्यांचे मार्क वाढले. पण फुकट मिळत असूनही जवळपास तीस टक्के मुलांनी तो घेतलाच नाही. अमेरिकेत बाल्टिमोरला सुमारे २३०० मुलांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मधे आले. पहिल्या वर्षी वाचन सुधारलं, सगळ्यात जास्त कच्च्या मुलांचं. दुसऱ्या वर्षी तो फायदा टिकला नाही, आणि मुलांनी चष्मा लावणं कमी केलं हे त्याचं एक कारण असावं असं संशोधकांना वाटलं.

म्हणून मला वाटतं, नंबर काढणं, फ्रेम निवडणं, चष्मा हातात देणं हे सगळं शाळेतच व्हावं. फ्रेम मुलांनीच निवडावी, नाहीतर तो दप्तरातच राहतो. आणि सहा महिन्यांनी पुन्हा चक्कर मारावी, कारण तोपर्यंत निम्मे मोडलेले असणार. आपल्या कंपन्यांना मात्र वाटायला टॅबच आवडतात. महापालिकेनेही २०१५ मधे आठवीला टॅब दिले होते. टॅबला माझा विरोध नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे :)

त्या मुलीला बाईंनी लगेच पहिल्या बेंचवर आणलं. चिठ्ठी महिन्यानंतरही तिच्या दप्तरातच होती.